छर्रा फिरेना

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर ओसरला आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या माझ्या वाइंडिंगच्या (मोटरीत तांब्याची तार भरायच्या) दुकानासमोर मोटरींची रांग लागली. पाणी वाढायच्या आत नदीकाठच्या मोटरी वर काढून ठेवायची रीत आहे, पण त्या वर्षी पंचगंगेनं तेवढी सवड दिली नाही. चिखल धुवायचा, आत दोनशे वॅटचा बल्ब सोडून दोन दिवस वाळवायचं, मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून बघायचं. बऱ्याच मोटरी एवढ्यावर वाचल्या. ज्यांच्या मालकांनी ओल्यातच बटण दाबलं, त्या नव्यानं भराव्या लागल्या.

वडणग्याच्या एका काकांची साडेसात हॉर्सपॉवरची मोटर अशीच जळालेली. भरून दिली, तर दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून परत.

"मालक, नुसती घुंगतीया. फिराय तयार न्हाई. स्टार्टर धाडदिशी पडतोय."

हाताखालच्या पोराला मी तिथल्या तिथे झापलं. तो काही बोलला नाही.

रोटर, म्हणजे मोटरीचा फिरणारा भाग, बाहेर काढला. डिमरस्टॅटवरून (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) अगदी थोडं व्होल्टेज सोडलं (रोटर नसताना पुरं दिलं तर कॉइल धूरच काढते) आणि स्टेटरच्या, म्हणजे तार भरलेल्या स्थिर भागाच्या, पोकळीत जुन्या बेअरिंगमधला सुपारीएवढा छर्रा टाकला. जोडणी बरोबर असली की तो आतल्या भिंतीला धरून गरगर पळत सुटतो. हा थरथरला आणि एका जागी चिकटून बसला.

काकांना काहीच कळेना. म्हणून शेजारची, नुकतीच भरलेली दुसरी मोटर जोडली आणि तिच्यात छर्रा सोडला. तो असा काही पळाला, की काका दोन पावलं मागं सरले.

"आत कोण फिरवतंय ह्येला?"

"चुंबक."

"कुठाय चुंबक? तारच दिसतीया सगळी."

"काका, गणपतीच्या कमानीवर उजेड पळतो, तेव्हा बल्ब पळतात का?"

"न्हाई. बल्ब जागेवरच असत्यात."

"तसंच हे. तीन फेज एकदम जोरात येत नाहीत, एकामागून एक येतात, सेकंदाला ५० फेऱ्या. ज्या कॉइलची पाळी, तिथं चुंबकाचा जोर. तांबं जागेवर, जोर फिरतो."

चार पोलच्या (चुंबकाच्या चार टोकांच्या) मोटरीत हा जोर मिनिटाला १५०० फेरे मारतो. रोटरला तर एकही तार जात नाही. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवरून ते चुंबकत्व सरकतं, म्हणून पट्ट्यांत आपोआप करंट उठतो. फॅरडेनं १८३१ मध्ये पाहिलं ते हेच. त्या करंटमुळे रोटर ओढला जातो, पण नेहमी जरा मागंच राहतो. मोटरीच्या पाटीवर १४४० लिहिलेलं असतं ते त्यामुळं. रोटरनं १५०० गाठले, तर पट्ट्यांवरून काही सरकणारच नाही, करंट नाही, ओढही नाही. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण या पाठशिवणीची गंमत मला अजून वाटते. टेस्लाला १८८८ मध्ये अशा मोटरीची पेटंटं मिळाली आणि आपल्याकडचा ऊस अजून तिच्यावरच पाणी पितो.

आता चूक नेमकी कुठं ते शोधायचं होतं. एका फेजला बॅटरी जोडली आणि शाळेच्या पेटीतलं छोटं होकायंत्र आतल्या कडेनं फिरवलं. प्रत्येक पोलला सुई उलटायला हवी : उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. दोन फेज बरोबर निघाले. तिसऱ्यात सुई सलग तीन पोल तशीच राहिली. एक ग्रुप, म्हणजे एका पोलच्या कॉइल, उलटा जोडलेला.

दोरी कापून जोड उघडला आणि गाठ बघितली. पोर गाठ डाव्या हातानं मारतो. ही उजव्या हाताची होती. त्या रात्री दोन वाजता मीच बसलो होतो, आणि वार्निश मारायच्या आधी छर्रा फिरवायचा राहून गेला होता. पोरानं गाठ माझ्या आधीच ओळखली असणार. मी चहा मागवला, त्याला क्रीमरोलही.

दोन टोकं अदलाबदल केली, डाग दिला, वर स्लीव्ह चढवली. छर्रा पळाला. रोटर बसवून पुरं व्होल्टेज दिलं, तिन्ही फेजला करंट सारखा आला. मजुरीचं काही बोललो नाही, टेम्पोचं भाडं दिलं.

मोटर चढवून झाल्यावर काका परत आत आले.

"मालक, ती गोळी द्याल काय? पुन्हा बंद पडली तर घरच्या घरी आत टाकीन म्हणतो."