शेजारच्या सीटवरचा

"अरे, हा शेजारचा मान खाली घालून मोबाईल बघतोय की काय? पुढे बघ म्हणावं त्याला!"

डाकार रॅली या वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या मोटार शर्यतीचा गाडीच्या आतून घेतलेला व्हिडिओ बघताना आई बोलली. आम्ही सगळे हसलो. पण ती मान काही डोक्यातून जाईना.

मोबाईल नाही, रोडबुक असतं ते. सौदीच्या वाळवंटात रस्ता दाखवणारा जीपीएस वापरायला परवानगी नाही. किती किलोमीटरवर वळायचं, किती अंशांवर गाडी धरायची, कुठे तीन उद्गारचिन्हं आहेत (म्हणजे जिवावरचं प्रकरण), हे सगळं शेजारचा सहचालक त्यातून वाचून चालकाला सांगतो. तेही रोडबुक हल्ली निघायच्या तोंडावर हातात पडतं! गाडी टेकडीवरून उडते, मणके खुळखुळतात, ह्याची नजर तिथेच. एक ठिकाण हुकलं की पेनल्टी. टायर फुटला की तापलेल्या वाळूत उतरायचं ते वेगळंच.

मॅथ्यू बोमेलने चालक नासेर अल-अतियाच्या शेजारी असंच बसून 2015, 2019, 2022 आणि 2023 ची डाकार जिंकली. रॅलीवेड्या मित्रांना अल-अतिया तोंडपाठ. बोमेल विचारा, समोरचा डोकं खाजवतो.

बरं, आयोजक काही हात आखडता घेत नाहीत. निकालात दोघांची नावं, पोडियमवर दोघंही. आपण घरी बसून सांगतो तेव्हा मात्र "अल-अतिया जिंकला" एवढंच.

दुसरं नाव घ्यायला असा किती वेळ लागतो हो?