तुम्ही विचारलंत म्हणून: होडी पळत नाही, मोठं इंजिन बसवू का?

माजलगाव धरण असो, येलदरी धरण असो, फायबरच्या छोट्या कॅनूला अडीच एचपीचं इंजिन लावलेले लोक हाच प्रश्न विचारतात. उत्तर: इतक्यात नको. आहे त्या इंजिनाचा जोर पाण्यात नीट उतरतोय का, ते आधी बघा.

पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर अडतो. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिच्या वर्गमुळाला 1.34 ने गुणा. आला तो वेग नॉटमध्ये. 16 फुटांना 5.4 नॉट, म्हणजे ताशी 10 किलोमीटर. अरुंद कॅनू थोडी पुढे जाते. त्यापुढे इंजिन दुप्पट केलं तरी शेपूट बसतं, नाक वर जातं आणि पेट्रोल तेवढं जळतं. वेग मोबाइलच्या जीपीएसवर मोजा, एकदा वाऱ्याबरोबर, एकदा वाऱ्याविरुद्ध, आणि सरासरी काढा. ताशी 9 मिळत असतील तर फार काही उरलेलं नाही. 6 मिळत असतील तर दोष शोधायलाच हवा.

बहुतेक वेळा तो वजनाचा निघतो. 13-14 किलोचं इंजिन, चालवणारा माणूस, पेट्रोलचा कॅन, सगळं मागच्या चार फुटांत. नाक उचललं की पाण्याला टेकलेली लांबीच घटते. बसायची फळी मध्याकडे सरकवा आणि हँडल लांबवा: पाऊण मीटर पीव्हीसी पाइपाच्या टोकाला चीर द्या, मुठीवर चढवा, होज क्लिपने आवळा. मूठ फिरवून ॲक्सिलरेटर देता येतो अशाच इंजिनाला हे चालतं. सोडल्यावर मूठ अडकत नाही ना, हे काठावरच तपासा. पुढे बसल्यावर किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करते ती) दोरी पुरत नाही. ती लांब घ्या, काढून ठेवू नका. एकटेच असाल तर 20 लिटरचा कॅन पाण्याने भरून पुढे बांधा. दगड नकोत, होडी उलटली तर ते तिला खाली ओढतात, पाण्याचा कॅन ओढत नाही.

मग उंची. पंख्याच्या वर एक आडवी चपटी पट्टी असते, ती होडीच्या तळापेक्षा 2-3 सेंटिमीटर खाली हवी. आखूड शाफ्टचं इंजिन 38 सेंटिमीटर उंचीच्या मागच्या फळीसाठी असतं. फळी 30 ची असेल तर इंजिनाचा पाय (पंख्याचा खालचा दांडा) उगाच खोल जातो, पाणी अडवतो आणि उन्हाळ्यात धरण उतरलं की गाळ उकरतो. 18 मिलिमीटरचे मरीन प्लायचे (आयएस 710) दोन तुकडे चिकटवून फळी वाढवा. फार वर नेलंत तर पंखा हवा ओढतो: इंजिन किंचाळतं, होडी जागची हलत नाही. इंजिन बाजूच्या ब्रॅकेटवर असेल तर होडी कलली की हेच होतं, शिवाय ती एकाच अंगाला वळत राहते.

वाढवलेल्या फळीवर 450 ग्रॅमच्या (दर चौरस मीटर) फायबर मॅटचे तीन थर द्या. पॉलिएस्टर रेझिन मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट लागतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हार्डनर 1 टक्का पुरे, नाहीतर ब्रश फिरवेपर्यंत रेझिनचा डब्यातच दगड होतो. काम सकाळी, सावलीत. कोबाल्ट (रेझिन लवकर आवळणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीच ओतू नका, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण घोटा, मग हार्डनर.

होडी डुलते म्हणून पाइपांचे तराफे लावायचे असतील तर 110 मिलिमीटरचा, 6 फुटी, दोन्ही टोकं बंद पाइप 17 किलो तोलतो. होडी सरळ असताना ते पाण्याच्या दोन-तीन सेंटिमीटर वरच राहू द्या. सतत टेकले तर मिळवलेला वेग तेच खातात. जाळ्यांत आणि जलपर्णीत अडकतात, हा त्यांचा खरा तोटा.

नाथसागर (पैठणचं जायकवाडी धरण) पक्षी अभयारण्य आहे; तिथे इंजिन उतरवण्याआधी वनविभागाला विचारा.

पंख्यात नायलॉनचं जाळं गुंतलं तर आधी इंजिन बंद, मग पाय वर उचलून जाळं कापा. जादा शिअर पिना (पंखा अडला की मुद्दाम आधी तुटणाऱ्या, गिअर वाचवणाऱ्या) जवळ असू द्या. तुटलेल्या पिनेच्या जागी खिळा ठोकलात तर पुढच्या खुंटाला पिन नाही, गिअर तुटेल.