टाळी सुरुवातीला, टाळी शेवटी : आमची वाटचाल

शिक्षकांच्या, सल्लागारांच्या पडद्याच्या रेकॉर्डिंगला वेगळा घेतलेला आवाज जुळवून देणं, हा आमचा आजचा धंदा. सुरुवात मात्र वेगळी होती. नाशिकच्या पंचवटीतल्या आमच्या घराच्या माडीवर २०११ साली मी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, सुरू केलं. एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर आणि वडिलांची जुनी लाकडी खुर्ची, एवढंच भांडवल. सिन्नर, ओझर, निफाडचे फोटोग्राफर कार्ड आणून द्यायचे आणि सीझनमध्ये रात्रीचे दोन-दोन वाजायचे. आवाज जुळवणं तेव्हा मला फार अवघड वाटत नसे. मंगलाष्टकांचा आवाज वेगळ्या माइकवर घेतलेला असला, तरी शेवटच्या 'सावधान'नंतर बँडचा जो पहिला ठोका पडतो तो कॅमेऱ्यातही असतो आणि माइकमध्येही. तो सापडला की काम झालं. शिवाय लग्नात चार-पाच सेकंदांनी शॉट बदलतो. आवाज जरा मागे पडला तर पुढच्या शॉटला परत जागेवर बसवता येतो, आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये लॉकडाउन लागला आणि एप्रिल-मेच्या सगळ्या तारखा गेल्या. कॉलेज रोडला माझी मावसबहीण बारावीचे केमिस्ट्रीचे क्लास घेते. तिचा फोन आला, "दादा, स्लाइडचं रेकॉर्डिंग केलंय, पण माझ्यापेक्षा लॅपटॉपचा पंखाच जास्त ऐकू येतोय." लॅपटॉपचा माइक तोंडापासून दोन फुटांवर आणि पंख्यापासून दोन बोटांवर, मग दुसरं काय होणार? घरातली फरशी आणि रिकाम्या भिंती यांचा घुमारा वेगळाच. मी तिला कॉलर माइक पाठवला, हनुवटीच्या वीतभर खाली ओढणीला लावायला सांगितला आणि आवाज मोबाइलवर वेगळा घ्यायला लावला. संध्याकाळी माझ्याकडे दोन फायली आल्या, लॅपटॉपवरून पडद्याची आणि मोबाइलवरून आवाजाची. आमच्या आजच्या धंद्याचं ते पहिलं काम.

ते सोपं गेलं, कारण धडा बारा मिनिटांचा होता. तिच्या ओळखीने आणखी शिक्षक आले. मग नर्सिंग शिकवणाऱ्या एक बाई आल्या, एक सीए आले, आणि त्या वर्षीच्या पावसाळ्यात दिंडोरीकडचे एक द्राक्ष सल्लागार आले. त्यांच्या कामात मी जी चूक केली ती इथे सविस्तर लिहितो, कारण आज आम्ही जसं काम करतो ते सगळं त्या चुकीतून उभं राहिलं आहे.

ऑक्टोबर छाटणीच्या आधी शेतकऱ्यांना पाठवायला त्यांनी सत्तर मिनिटांचं एक सादरीकरण केलं होतं. पहिल्या अर्ध्या भागात पानांचे, घडांचे फोटो होते. एकेक फोटो दोन-तीन मिनिटं पडद्यावर स्थिर आणि त्यावर त्यांचं बोलणं. नंतरच्या भागात ते पेनने आकृत्या काढत समजावत होते. मी सुरुवात जुळवली आणि शेवटाला जाऊन पाहिलं, तर चित्र नऊ सेकंद आधीच संपत होतं. मला वाटलं, आवाजच थोडा लांबला असेल. मी सगळा आवाज एकसारखा दाबून नऊ सेकंदांनी कमी केला. सुरुवात जुळली, शेवट जुळला. मधलं मी पाहिलं नाही. फाइल दिली.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्तच लागलं. "दादा, भुरीचा फोटो दिसतोय आणि माझा आवाज डाउनीची फवारणी सांगतोय. मला एका शेतकऱ्याने विचारलं, की साहेब, नक्की कशावर मारायचं?"

डाउनी आणि भुरी हे द्राक्षाचे दोन वेगळे रोग. ज्यांच्याकडे बाग आहे त्यांना हे सांगायला नको. डाउनीत पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग येतात आणि खालून पांढरी बुरशी धरते. भुरीत पानावर, मण्यांवर राख भुरभुरल्यासारखी पांढरी पूड दिसते. एकीला ओलावा लागतो, दुसरी कोरड्यातही पसरते. औषधं वेगळी. बघणारा माणूस बागेत उभा राहून मोबाइलवर फोटो बघतो, ऐकतो आणि त्याप्रमाणे टाकीत औषध टाकतो. साडेचार सेकंदांची चूक होती, पण नेमकी एका रोगावरून दुसऱ्या रोगावर जाण्याच्या जागी.

ते सादरीकरण सल्लागारांनी लगेच काढून घेतलं. मी त्या रात्री मूळ फाइल साध्या प्लेअरवर लावली, तर तिथे तिची लांबी बरोबर भरत होती! चूक फक्त माझ्या मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत होती. कारण शोधायला मला दोन दिवस लागले. पडदा रेकॉर्ड करणारे बरेच प्रोग्राम सेकंदाला ठरावीक फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेतच नाहीत. पडद्यावर काही हललं तर जास्त फ्रेम, स्थिर असेल तर कमी, आणि प्रत्येक फ्रेमवर तिची वेळ लिहून ठेवतात. याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. प्लेअर ती वेळ वाचतो. माझं सॉफ्टवेअर मात्र सेकंदाला तीस फ्रेम धरून मोजत होतं, म्हणून जिथे फोटो स्थिर होते तिथेच चित्राने वेळ खाल्ली. नऊच्या नऊ सेकंद पहिल्या अर्ध्यात गेले. मी आवाज दाबला तो सगळीकडे सारखा, त्यामुळे मधोमध साडेचार सेकंद शिल्लक राहिले आणि शेवटी हिशोब जुळल्यासारखा दिसला.

उपाय साधा होता. हँडब्रेक नावाच्या फुकट प्रोग्राममधून फाइल आधी कॉन्स्टंट फ्रेमरेटवर आणायची आणि मगच मिक्सिंगला घ्यायची. आज आमच्याकडे येणारी प्रत्येक पडद्याची फाइल पहिल्यांदा त्यातूनच जाते, कुणीही काहीही सांगो. ते सादरीकरण आम्ही पुन्हा केलं, पैसे घेतले नाहीत, आणि मधल्या प्रत्येक फोटोच्या बदलावर थांबून तपासलं.

त्यानंतर मी हे काम नीट शिकायला घेतलं. बिघाड एका जातीचा नसतो, हे समजायलाच वर्ष गेलं.

एक बिघाड आकड्यावरूनच ओळखू येतो. तासाचं भाषण टाइमलाइनवर ६५ मिनिटं १८ सेकंदांचं दिसलं आणि बाईंचा आवाज बाप्याचा वाटायला लागला, की समजायचं: आवाज ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) घेतलाय आणि वाजतोय ४४.१ वर. इथे ताणायचं-दाबायचं काही नाही, फक्त दर बरोबर लावायचा. आम्ही आता सगळ्यांना ४८ वरच घ्यायला सांगतो.

दुसरा बिघाड मात्र कुणाचीच चूक नसतो. लॅपटॉपमध्ये वेळ मोजणारा एक क्वार्ट्झचा खडा असतो, रेकॉर्डरमध्ये दुसरा. दोन्ही स्वस्तातले, दोन्ही चांगले, पण अगदी एका चालीचे कधीच नसतात. दहा लाखांत पन्नास एवढा जरी फरक असला तरी तासाला १८० मिलिसेकंद होतात. हा फरक मात्र एकसारखा वाढत जातो, म्हणून तो दोन टाळ्यांनी पकडता येतो. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक टाळी शिक्षकांनी वाजवायची, म्हणजे ती दोन्ही फायलींत येते. सुरुवातीची टाळी जुळवायची, शेवटच्या टाळीला किती अंतर पडलं ते मोजायचं. अंतर थोडं असेल तर आम्ही आवाज ताणत नाही. शिक्षक जिथे थांबतात, पाणी पितात, स्लाइड बदलतात, तिथल्या शांततेतून थोडं थोडं काढतो किंवा घालतो. श्वास कापायचा नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम आहे. श्वास कापलेलं बोलणं ऐकणाऱ्याला कारण न कळता टोचत राहतं.

१८० मिलिसेकंदांनी काय होतं, असं पुष्कळजण विचारतात. नुसत्या स्लाइड असतील तर खरंच काही होत नाही, अर्धा सेकंदही चालतो, आणि तिथे मी गिऱ्हाइकाकडून जास्तीचे पैसे घेत नाही. पण कोपऱ्यात शिक्षकांचा चेहरा असेल किंवा पेनने लिहिणं चालू असेल तर डोळा लगेच पकडतो. युरोपातल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची, ईबीयूची शिफारस अशी आहे की आवाज चित्राच्या ४० मिलिसेकंदांहून जास्त पुढे नसावा आणि ६० हून जास्त मागे नसावा. मागे राहिलेला आवाज आपण जास्त सोसतो, त्याचं कारण मला गोदाघाटावर बसलं की पटतं. पलीकडच्या काठावर धुणं आपटलेलं आधी दिसतं, धप्प मग ऐकू येतं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे १७ मीटरला ५० मिलिसेकंद गेलेच. उशिरा येणाऱ्या आवाजाची कानाला जन्माची सवय आहे. आधी आलेला आवाज त्याने कधी ऐकलेलाच नसतो.

टाळीचंही एक सांगायला हवं. लॅपटॉपचा माइक वाईट असला तरी तो बंद करू नका. त्याचा कच्चा आवाज शेवटी कुणी ऐकणार नसतो, पण टाळी त्यात यावी लागते, नाहीतर जुळवायचं कशाशी? एका सरांनी तो बंद ठेवून दहा व्याख्यानं केली होती. पडद्याची फाइल मुकी. तेव्हा आमच्या ऑफिसमधल्या मुलीने मार्ग काढला. सर स्लाइड बदलायला स्पेसबार दाबत होते आणि त्याचा टक् असा बारीक आवाज कॉलर माइकमध्ये आला होता. मोठं करून पाहिलं तर वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, सुईसारखी रेघ. ती रेघ आणि स्लाइड बदललेली फ्रेम, अशा दोनशेहून जास्त जागा तिने हाताने जुळवल्या. ज्या स्लाइड हळूहळू विरघळत बदलत होत्या तिथे बदल सुरू झालेली पहिली फ्रेम धरली. मी तिचं काम पाहत मागे उभा होतो आणि मला फार अभिमान वाटला. आता ही युक्ती आम्ही सगळ्यांना आधीच सांगतो: पहिली स्लाइड कोरी काळी ठेवा, ती बदलताना ट्रान्झिशन (विरघळत बदलणं) नको, बटण जरा जोरात दाबा. लॅपटॉपला ब्लूटूथचा माइक मात्र जोडू नका. त्याचा आवाज पडद्याच्या फाइलमध्ये मुळातच चित्रापेक्षा उशिरा पोहोचतो, मग दोन फायलींतली टाळी जुळूनही ओठ जुळत नाहीत.

आज आम्ही पाचजण आहोत. माडी अपुरी पडली म्हणून २०२२ मध्ये शरणपूर रोडला दोन खोल्या घेतल्या. घरी संध्याकाळच्या आरतीच्या घंटा रेकॉर्डिंगमध्ये यायच्या, इथे तो प्रश्न नाही. लग्नाचं काम भाऊ बघतो. आमच्याकडे चार रेकॉर्डर आहेत, ते डब्यात घालून शिक्षकांकडे पाठवतो, आणि डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवलेला आहे: 'टाळी सुरुवातीला, टाळी शेवटी, माइक मोबाइलपासून लांब'. ते द्राक्ष सल्लागार अजून आमच्याकडेच येतात. त्यांचं काम झालं की फाइल आधी माझ्या साडूंना पाठवतो. पिंपळगावजवळ त्यांची चार एकर बाग आहे. फोटो आणि बोलणं एका ठिकाणी आहे, असं त्यांनी बागेतून सांगितलं की मगच ती पुढे जाते.

तुमच्याकडे अशी बिघडलेली जुनी रेकॉर्डिंग पडून असतील तर टाकून देऊ नका, बहुतेक वेळा ती सुधारता येतात. फक्त दोन्ही मूळ फायली आणा, पेनड्राइव्हवर किंवा कार्डवर. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान झालेली असते, आणि पेनने लिहिलेलं बारीक अक्षर त्यात पुसट होतं. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात मी ऑफिसमध्येच असतो.