दोन भाऊ, दोन ऑटोमॅटिक आणि एक लिटर ऑइल

सोलापुरात माझं गॅरेज आहे, आणि इथल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत दोघा भावांचा टॉवेलचा कारखाना आहे. गाड्या पण दोघांच्या सेम, एकच मॉडेल, एकच वर्ष, सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधनं गिअरबॉक्सला देणारा. थोरल्याची १ लाख ४० हजार किमी पळलेली आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही बदललेलं नाही. धाकट्याची ७० हजार, त्यानं ६० हजारला दुसऱ्या एका गॅरेजात बदलून घेतलेलं, पावतीसकट. आणि माझ्याकडं आली ती धाकट्याची.

तक्रार काय, तर सकाळी गाडी चांगली, दुपारी तापली की रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग धाडकन घेते, वळणावर रेस वाढते पण गाडी ओढत नाही. थोरला सोबत आलेला, निकाल देऊनच. "मी म्हणलो होतो ह्याला, चालू बॉक्सला हात लावू नको बे म्हणून. माझी बघा की."

पावतीवर नुसतं 'गिअर ऑइल' लिहिलेलं, ग्रेड नाही, किती लिटर ते पण नाही. तिथंच माझं डोकं फिरलं.

ह्या बॉक्सला ऑइल मापायची डिपस्टिक नसते. लेव्हल बघायची तर गाडी सपाट उचलायची, इंजिन चालू ठेवायचं, लिव्हर सगळ्या पोझिशनमधनं एकदा फिरवून पार्कला आणायचा, आणि स्कॅनरवर ऑइलचं टेंपरेचर ४० डिग्रीच्या आसपास आलं की लेव्हल प्लग, म्हणजे जास्तीचं ऑइल बाहेर सोडणारं बूच, खोलायचा, बारीक धार येऊन थेंब थेंब व्हायला लागलं की बंद. आता सोलापुरात मे महिन्यात बाहेरच ४३ असतं, गाडी दुपारभर नुसती उभी केली तरी ऑइल ४० च्या खाली येत नाही, म्हणून गाडी रात्री ठेवून घेतो आणि हे काम सकाळी उजाडल्या उजाडल्या करतो. गिऱ्हाइकाला वाटतं पोरं टाळाटाळ करायलीत. पण गरम ऑइल फुगलेलं असतं, तेव्हा प्लग खोलला की नको तेवढं बाहेर येतं, आणि इंजिन बंद असलं तर अजूनच, कारण पंप फिरत नाही, कन्व्हर्टरकडं जाणारं ऑइल खाली पॅनमध्येच बसतं आणि बघणाऱ्याला वाटतं जास्त झालंय, काढून टाका.

सकाळी धाकट्याचा प्लग खोलला, एक थेंब नाही. भरत गेलो, जवळजवळ लिटरभर गेलं तेव्हा धार आली. रिव्हर्स लगेच सरळ घ्यायला लागली. ऑइल कमी म्हणजे पंप हवा ओढणार, प्रेशर पडणार, बॉक्सच्या आतल्या क्लच प्लेटा घसरणार, दुसरं काय. पण आतल्या ऑइलला जळका वास होता म्हणून तेही काढलं, कंपनीच्या ग्रेडचं भरलं. एका ड्रेनमध्ये निम्मंही निघत नाही, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडी पळवून परत ये म्हणलो. अजून ५०-६० च्या स्पीडला बारीक थरथर आहे. प्लेटा किती खाल्ल्यात ते न खोलता मी सांगू शकत नाही.

मग थोरल्याचं थोडं ऑइल काढून पांढऱ्या कागदावर टाकलं. कोऱ्या चहासारखं, पण जळका वास नाही. त्याची गाडी सतत पुणे-हैदराबाद हायवेला, सहाव्या गिअरला कन्व्हर्टर लॉक होऊन, म्हणजे इंजिन आणि बॉक्स थेट जोडून, तासन्तास, ऑइल तापतच नाही फार. धाकट्याची कारखाना ते नवी पेठ, थांबत-सुटत गर्दीत. थोरल्याचं १० हजार किमी आणि धाकट्याचं १० हजार किमी एक नाही.

तरी मी थोरल्याला बदला म्हणलो. त्याच्या गाडीच्या पुस्तकात बदलायचा आकडाच नाही, पण झेडएफ नावाची गिअरबॉक्स बनवणारी एक कंपनी स्वतः त्यांच्या ऑटोमॅटिकला ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षं सांगते. ह्याचा बॉक्स झेडएफचा नाही, पण ऑइल म्हातारं व्हायचं कुणाचं थांबतंय. आमच्या लाइनमधले निम्मे लोक तर एएमटी (साधा गिअरबॉक्स, फक्त गिअर मशीन टाकतं), सीव्हीटी (गिअरऐवजी पुली आणि पट्टा), सगळ्याला ऑटोमॅटिक म्हणून एकच लाल ऑइल ओततात, सीव्हीटीत तसं केलं तर बॉक्सच जातो.

काल थोरल्याचा फोन. "बदलतो, पण नंतर बॉक्स घसरायला लागला तर तू नुकसान भरून देणार का?" मी नाही म्हणलो. १ लाख ४० हजारला आत प्लेटा आधीच झिजलेल्या असल्या तर नवीन ऑइलनं त्या परत येत नाहीत, आणि नाव मात्र शेवटी हात लावणाऱ्याचं जातं. तो म्हणाला, मग विचार करून सांगतो. मीही तोच करतोय.