तीन तारखा

विधानसभेच्या सचिवालयात मराठी प्रतिवेदक म्हणून माझी सारी नोकरी झाली. अध्यक्षांच्या आसनासमोर, दोन्ही बाजूंच्या बाकांच्या मधोमध ठेवलेल्या मेजाशी बसून सभागृहात बोलला गेलेला प्रत्येक शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा, आपली पाळी संपली की उठून तो टंकलिखित करायचा आणि त्या वेळी दुसऱ्या सहकाऱ्याने मेजाशी बसायचे, असे आमचे काम असे. या कामात मते नोंदवायची नसतात, आणि ती मी कधी नोंदवली नाहीत. पण नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनातील प्रश्नोत्तराच्या तासाबद्दल मात्र मला माझे मत सांगायचे आहे.

तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नांची, यादी त्या दिवशीही नेहमीच्याच वळणाची होती. अमुक गावातील नळपाणी पुरवठा योजनेचे काम अपूर्ण असून ग्रामस्थांना पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? छापील उत्तर तीन ओळींचे होते. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही, योजनेचे काम पूर्ण झाले आहे’, आणि पुढच्या दोन्ही भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. अशी उत्तरे मी शेकड्यांनी पाहिली होती. पहिला भाग नाकारला की पुढचे सगळे आपोआप गळून पडते, आणि उपप्रश्न विचारणारा सदस्य चिडून भाषण करू लागला की तास संपतो.

प्रश्न विचारणारे सदस्य सत्ताधारी बाकांवरचे होते, आणि मंत्री त्यांच्याच पक्षाचे. हे सदस्य पहिल्यांदाच निवडून आले होते आणि सभागृहात फारसे बोलत नसत. ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात एकच कागद होता. ‘अध्यक्ष महाराज, योजना पूर्ण झाली असे मंत्री महोदय म्हणतात, ते मी मान्य करतो. मला फक्त तीन तारखा हव्या आहेत. योजनेची चाचणी झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा आहे, ठेकेदाराला अंतिम देयक कोणत्या तारखेला दिले, आणि योजनेला पाणी पुरवणाऱ्या उद्भव विहिरीवरील पंपाला वीजजोडणी कोणत्या तारखेला मिळाली?’

एवढेच बोलून ते खाली बसले. ना आरोप, ना गावकऱ्यांच्या हालांचे वर्णन.

मंत्र्यांनी पहिल्या दोन तारखा त्यांच्यासमोरच्या टिपणीतून वाचून दाखवल्या. तिसऱ्या तारखेऐवजी त्यांनी योजनेचा खर्च, जलकुंभाची क्षमता आणि जलवाहिनीची लांबी सांगितली. सदस्य पुन्हा उठले. ‘तिसरी तारीख राहिली, अध्यक्ष महाराज.’ अधिकाऱ्यांच्या कक्षातून एक चिठ्ठी आली, मग दुसरी. मंत्र्यांनी दुसरी चिठ्ठी वाचली आणि ते थांबले. कार्यवृत्तात शांततेची नोंद होत नाही. पण माझी लेखणी थांबलेली होती, हे मला स्पष्ट आठवते. वीजजोडणी अजून मिळालेलीच नव्हती. मग पंप न चालता चाचणीचा दाखला कोणी दिला, आणि त्या दाखल्यावर पैसे कसे दिले गेले, हे विचारण्याची गरजच उरली नाही. विरोधी बाकांवरून आरडाओरडा सुरू झाला, तो अध्यक्षांनी थांबवला.

मंत्री म्हणाले, ‘मला अधिकाऱ्यांनी जी माहिती दिली, त्या आधारे…’ आणि प्रश्न विचारणाऱ्या त्या सदस्यांनी त्यांना मध्येच अडवले. ‘अध्यक्ष महाराज, या सभागृहाला अधिकारी उत्तर देत नाहीत, मंत्री देतात.’

राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य आहे. त्याचा प्रत्यक्ष अर्थ मी त्या क्षणी समोर पाहत होते. या तत्त्वाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी यांनी लोकसभेत सरकारी आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांमध्ये केलेल्या गुंतवणुकीचा प्रश्न असाच कागदपत्रांच्या आधारे लावून धरला होता, आणि तेही सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत जाहीर चौकशी केली, आणि सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यालाच घ्यावी लागेल, असा निष्कर्ष काढला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. एका गावच्या पाणीयोजनेची त्या प्रकरणाशी रकमेत तुलना होणार नाही; तत्त्व मात्र तेच आहे.

आमच्या मंत्र्यांनी, आणि हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून सांगते, प्रश्न राखून ठेवण्याची, म्हणजे उत्तर पुढे ढकलण्याची, विनंती केली नाही, जी त्यांना सहज करता आली असती. ते म्हणाले, ‘छापील उत्तर चुकीचे आहे. त्याची जबाबदारी माझी आहे. चौकशी करून याच अधिवेशनात मी सभागृहात निवेदन करीन.’ नंतर पुढचा प्रश्न पुकारला गेला आणि माझी पाळी संपली.

त्या दिवसाचा खरा कस मात्र संध्याकाळी लागला. सदस्यांना आणि मंत्र्यांना आपल्या भाषणाची असुधारित प्रत तपासता येते. ऐकण्यात वा टंकलेखनात राहिलेली चूक दुरुस्त करता येते, परंतु आशय बदलता येत नाही. मंत्र्यांच्या कार्यालयातून आलेल्या प्रतीत ‘निवेदन करीन’ खोडून ‘निवेदन करण्याचा प्रयत्न करण्यात येईल’ असे लिहिलेले होते. बाहेरच्या माणसाला हा किरकोळ फरक वाटेल. पण शासकीय आश्वासन समिती सभागृहातील आश्वासने वेचून काढते ती याच कार्यवृत्तातून, आणि प्रयत्नाचे आश्वासन पूर्ण झाले की नाही, हे कोणालाच तपासता येत नाही. लोकसभेत अशी समिती १९५३ पासून आहे. मंत्र्याने भर सभागृहात दिलेला शब्द अधिवेशन संपताच विरून जाऊ नये, एवढ्याचसाठी ती आहे.

मी माझी लघुलिपीची वही आणि ध्वनिमुद्रण मुख्य प्रतिवेदकांसमोर ठेवले. त्यांनी ते एकदा ऐकले, दुरुस्ती नाकारली आणि प्रतीवर तसा शेरा लिहिला. थोड्या वेळाने मंत्र्यांच्या कार्यालयातून दूरध्वनी आला. मुख्य प्रतिवेदक शांतपणे एवढेच म्हणाले की, साहेब जे बोलले तेच छापले जाईल, आणि साहेब चांगले बोलले आहेत. ती दुरुस्ती स्वतः मंत्र्यांच्या सांगण्यावरून झाली असेल, असे मला तेव्हा वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मंत्र्यांनी निवेदन केले. चाचणीचा दाखला पंप न चालवता दिल्याचे त्यांनी मान्य केले, दाखला देणाऱ्यांवर विभागीय चौकशी आणि ठेकेदाराकडून वसुली सुरू केल्याचे सांगितले, आणि वीजजोडणीसाठी एक तारीख दिली. योगायोगाने त्या वेळीही मेजाशी माझीच पाळी होती. निवेदन संपल्यावर ते सदस्य उभे राहिले आणि त्यांनी अध्यक्षांना विनंती केली की, ही तारीख आश्वासन म्हणून नोंदवली जावी. अध्यक्षांनी ती मान्य केली.