घाटात पळते, सिग्नलला थरथरते

पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षवाले दादा पेट्रोल गाडी घेऊन आमच्या गॅरेजात आले. कसारा घाट मस्त चढते म्हणाले, पण नाशिकच्या मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबली की थरथरते. आधीच्या गॅरेजात स्कॅनरवर पी०१७१ हा बिघाडाचा कोड आला होता, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त नि पेट्रोल कमी. त्यांनी धुरातला ऑक्सिजन मोजणारा नवा सेन्सर, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर, बसवून कोड उडवला. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा परत पेटला, तर परत उडवला.

ही कोड उडवायची घाई माझ्या डोक्यात जाते. दिवा पेटला त्या क्षणी आरपीएम, इंजिनचं तापमान, लोड किती होता हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फ्रीझ फ्रेममध्ये टिपून ठेवतो. कोडबरोबर तेही पुसलं जातं. आणि सेन्सर बिचारा खरं तेच सांगत होता, म्हणून त्यालाच काढला!

आमच्या वस्तादांनी लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावली. म्हणाले, "टॅपेट वाजतंय." वाजत होतंही थोडं. पण हल्लीचं इंजिन स्वतःच पेट्रोल वाढवून दुखणं झाकतं, ते कानाला कसं कळणार?

स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावला. फ्युएल ट्रिम म्हणजे ईसीयूने पेट्रोल किती वाढवलं-घटवलं तो आकडा. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी नि इंजिन चालू असताना, तो अधिक २२ टक्के, २५०० आरपीएमला जेमतेम ४. पेट्रोल ओढणारा पंप किंवा त्याचा फिल्टर कमजोर असता तर उलट जास्त पेट्रोल लागतं त्या घाटातच रडली असती. या गाडीत हवा मॅफ सेन्सर मोजतो. त्याच्या पुढे कुठूनतरी न मोजलेली हवा शिरत होती. आयडलिंगला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ मिटलेलं, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डची ओढ जबर, म्हणून तिथेच त्रास.

पण कुठून, ते स्क्रीन सांगत नाही. मॅनिफोल्डखाली पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ परत आत ओढणारी, नळी वळते, तिथे नजर पोचत नाही, हात कसाबसा जातो. बोट फिरवलं. रबर तेलाने फुगून चिकट झालेलं, आणि वळणावर बोटाचं टोक आत ओढलं गेलं. दाबून धरलं तशी थरथर थांबली. पोरगा स्क्रीनपाशी ओरडला, "आकडा पडला!"

खरं तर घाट आणि सिग्नल हे दादांनी सगळ्यांनाच पहिल्या वाक्यात सांगितलं होतं. गिऱ्हाइकाचं बोलणं पुरतं ऐकायची सवय आमच्या धंद्यात फार कमी.

बिल दिलं, तर दादा नळीच्या पैशांवर काही बोलले नाहीत. 'तपासणी' या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कशाचे? तुम्ही तर नुसती नळीच बदलली." ऑक्सिजन सेन्सरचे हजारो रुपये मात्र त्यांनी आधीच्या गॅरेजात मुकाट दिले होते.