तुम्ही विचारलंत म्हणून : मी वाद सोडून का उठते

‘एवढे आकडे तोंडपाठ, मग वाद तापला की उठून का जाता?’ परवा भाचीनेही हेच विचारलं, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

आकड्यांना मी भीत नाही. जन्मभर अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलं. २०२५-२६च्या राज्य अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर, कर्ज ९ लाख कोटींपलीकडे. हे झेपणार का, यावर रात्रभर भांडायची माझी तयारी आहे. योजनेत दुरुस्ती हवी, असं माझंही मत आहे.

पण त्या मार्चमध्ये सोसायटीच्या ऑफिसात काय झालं ते ऐका. अर्थसंकल्प नुकताच मांडला होता, आम्ही चार-पाच जण त्यावरच बोलत होतो. जिने पुसणाऱ्या ताई पगार न्यायला आल्या. मीच विचारलं, पैसे येतात का? त्या सांगू लागल्या. दीड हजार येतात, बचत गटाचा हप्ता त्यातून सुटतो, नवऱ्याकडे मागावे लागत नाहीत. पण गावाकडे जावेचे मधेच बंद झाले, का ते कोणी सांगेना. मला नेमकं तेच ऐकायचं होतं. तेवढ्यात एक गृहस्थ म्हणाले, ‘दीड हजाराला मत विकलंत, आता हिशेब कसला सांगताय?’

ताईंनी पगाराच्या नोटा मोजल्यासुद्धा नाहीत. पिशवीत कोंबल्या आणि निघून गेल्या. मी गृहस्थांना सुनावलं, ते माझ्या पेन्शनवर घसरले, तिसऱ्याने कोणाची तरी जात काढली. जावेचे पैसे का बंद झाले, ते राहूनच गेलं.

माझ्या पेन्शनबद्दल खुशाल विचारा. मी नोव्हेंबर २००५च्या आधी नोकरीला लागले, म्हणून जुनी पेन्शन, म्हणजे सरकारी तिजोरीतून ठरलेली रक्कम, घेते. तिजोरीवर बोलताना माझा स्वार्थ कुठे आहे, हे समोरच्याला कळायलाच हवं. पण ‘फुकटखाऊ मास्तरीण’ याला काय उत्तर द्यायचं?

पूर्वी मी मुलांना सांगायचे, कातडी जाड ठेवा, मुद्दा सोडू नका. आज मीच मला विचारते, कातडी कोणाची? कोणी काही बोललं म्हणून माझी पेन्शन थांबत नाही. ताईंना दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांच्या दारासमोरचा जिना पुसायचा असतो.

याच राज्याने १९७५ साली रोजगार हमीसाठी व्यवसाय कर लावला. माझ्याही पगारातून महिन्याला २०० रुपये जायचे, फेब्रुवारीत ३००. कोणाकडून घेणार, कशासाठी घेणार, हे उघड सांगून घेतलेले पैसे. इतक्या सरळपणे हा विषय बोलता येतो, म्हणूनच मला चीड येते.

भाची म्हणते, तू उठलीस की शिवी देणाऱ्याला रान मोकळं. असेल. पण मी बसून ओरडले, तेव्हाही ताई परत आल्या नव्हत्या. जिथे त्यांना बोलणं पुरं करू देतील, तिथे मला बोलवा. मी उठणार नाही.